घरी किती वाजले?

तर झालं असं. गौरीजेवणाची दुपार. पुरणपोळी आणि वरचं साजूक तूप अंगावर आलेलं. सतरंजीवर आडवे झालेल्या आम्हा मंडळींना भाच्याने फर्मान सोडलं, "प्रत्येकाने आपला आवडता सायन्स फिक्शन पिक्चर सांगायचा. एकच. आणि का, ते पण."

आमच्या घरात वाद घालायला विषय लागतोच असं नाही, पण आयता मिळाला तर कोणी नको म्हणत नाही. आत्याने पहिल्या फटक्यात 'मिस्टर इंडिया' सांगून टाकला. भाचा हसला, तर ती म्हणाली, "का? लाल उजेडात तो दिसतो, हा नियम शेवटपर्यंत पाळलाय की नाही? मग झालं की सायन्स." (हे उत्तर वाटतं तितकं भाबडं नाही. पुढे येतोच त्याच्याकडे.) मुलीने 'वॉल-ई' म्हटलं. भाच्याने अर्थातच 'स्टार वॉर्स'. मेव्हणा खोपोलीचा, त्यामुळे त्याचं उत्तर गेली वीस वर्षं ठरलेलं आहे: 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'. स्पीलबर्गच्या या १९७७ च्या सिनेमात हजारो माणसं आकाशाकडे हात करून एक धून गातात, तो प्रसंग पडद्यावर धरमशालेचा म्हणून दाखवलाय, पण चित्रित झालाय खोपोलीजवळच्या हाळ गावात. मेव्हण्याचे एक मामा त्या गर्दीत आहेत म्हणे. दर वर्षी आम्ही चित्र थांबवून थांबवून शोधतो. मामा अजून सापडलेले नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा मी 'इंटरस्टेलर' म्हणालो. मग म्हटलं, नको, '२००१'. मग 'सोलॅरिस'. मग 'एलियन्स', पण त्यातला थिएटरात न दाखवलेला तुकडा... "मामा, एक सांगायचा होता," भाचा म्हणाला, "आणि तू तर कापलेला सीनपण मोजतोयस." सगळे हसले, चहा आला, विषय तिथेच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. एक तर नाव धड सांगता आलं नाही, आणि ही चार नावं एकत्र का आली तेही कळेना. दोन बघताना जीव टांगणीला लागतो, दोन बघताना आमच्या घरातले निम्मे लोक झोपतात. एकात राक्षस आहे, एकात समुद्र, एकात कॉम्प्युटर. रात्री भांडी आवरताना लक्षात आलं, की या सगळ्यांत मी एकच गोष्ट शोधत बसतो. हा माणूस इतक्या लांब गेलाय, मग आत्ता त्याच्या घरी किती वाजले? आणि घरच्यांना ते कोण सांगणार?

माझं मत असं आहे (भाच्याला पटणार नाही, माहीत आहे), की ज्या सिनेमात अंतराची किंमत मोजावी लागत नाही तो सिनेमा अवकाशात घडतच नाही. तो परीराज्यात घडतो. 'स्टार वॉर्स'मध्ये एक खटका ओढला की ताऱ्यांच्या रेघा होतात आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला. ठाणे-दादर जायला याहून जास्त त्रास होतो. मग तिथे कोणी कोणापासून लांब आहे असं मला वाटणार कसं? प्रकाशाला सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाता येतं आणि त्याहून वेगाने कोणालाच जाता येत नाही, अगदी निरोपालाही नाही, हा एक नियम बाजूला ठेवला की विश्व एकदम आळंदीएवढं होतं. गंमत येते, नाही असं नाही. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण घरी येऊन जेवलो की विसरतो.

आता '२००१: अ स्पेस ओडिसी' घ्या. १९६८ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या आधीचा. लोकांना त्यातली माकडं, काळा दगड आणि हॅल आठवतो. मला आठवतात त्यातले फोन. एक शास्त्रज्ञ पृथ्वीभोवतीच्या स्थानकावरून आपल्या छोट्या मुलीला फोन करतो, वाढदिवसाला येता येणार नाही म्हणून सांगतो. (ती मुलगी म्हणजे दिग्दर्शक कुब्रिकची स्वतःची मुलगी.) समोरासमोर बोलणं होतं, शेवटी बिल येतं १ डॉलर ७० सेंट. इथवर सगळं सोपं आहे. मग पुढे आपण गुरूकडे निघालेल्या यानावर पोचतो. तिथल्या अंतराळवीरांची बीबीसीवर मुलाखत दाखवली जाते, आणि निवेदक जाता जाता सांगतो, की यान ८ कोटी मैलांवर आहे, आमचे शब्द तिथे पोचायला सात मिनिटं लागली, पण मधला वेळ कापून टाकलाय. बास. एवढंच वाक्य. पण आपण जे सरळ संभाषण म्हणून बघतोय ते संभाषण नव्हतंच, हे कळल्यावर पोटात खड्डा पडतो. त्यानंतर फ्रँक पूल नावाचा अंतराळवीर डोळ्यांवर काळा चष्मा लावून दिव्याखाली पडलेला असतो आणि समोरच्या पडद्यावर त्याचे आईवडील. केक, वाढदिवसाचं गाणं, पगाराच्या कसल्याशा भानगडीची चौकशी. सगळं रेकॉर्ड करून पाठवलेलं. तो ऐकतो. चेहरा दगडासारखा. समीक्षक म्हणतात, कुब्रिकने यंत्रयुगातला भावनाशून्य माणूस दाखवला. असेल. मला वाटतं, रेकॉर्ड केलेल्या आईबापांसमोर माणूस चेहरा तरी कसला करणार?

हे मी इतक्या ठामपणे म्हणतोय त्याला कारण आहे. आमच्या घरी हे होऊन गेलंय.

काका १९७० साली अमेरिकेला गेले. ट्रंक कॉल बुक करायचा, तासन्तास थांबायचं आणि मग तीन मिनिटं "ऐकू येतंय का?" ओरडायचं, यात दमून त्यांनी कॅसेटी पाठवायला सुरुवात केली. पहिल्या भेटीत येताना टेपरेकॉर्डरही घेऊन आले होते. साठ मिनिटांची कॅसेट, एक बाजू आजीसाठी, दुसरी सगळ्यांसाठी. यायला दोन-तीन आठवडे लागायचे. आजी ओटा आवरून, हात पुसून टेपसमोर पाटावर बसायची. काका विचारायचे, "कशी आहेस?" आणि मग थांबायचे. रिकामी फीत फिरत राहायची. त्या रिकाम्या जागेत आजी उत्तर द्यायची, "बरी आहे रे. गुडघा तेवढा धरतो." मग काका पुढे बोलायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला बरीच वर्षं असंच वाटत होतं, की काकांना ते ऐकू जातं.

ती थांबलेली जागा काका मुद्दाम सोडत होते की बोलताना आपोआप होत होतं, मी त्यांना कधी विचारलं नाही. पण बीबीसीच्या निवेदकाने कापून टाकलेली सात मिनिटं म्हणजे नेमकी तीच जागा, एवढं मला कळतं.

आता 'इंटरस्टेलर'. २०१४ चा. कृष्णविवराजवळच्या एका पाण्याच्या ग्रहावर यान उतरतं. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. मी हिशेब केला होता, एक सेकंद म्हणजे आपले सतरा तास. "अरे चला, चला" म्हणण्यात चार सेकंद गेले तर घरी तीन दिवस होऊन गेले. हे सगळं पटकथेच्या सोयीसाठी ठोकून दिलंय असं मला वाटलं होतं. पण नोलनचा सल्लागार होता किप थॉर्न, ज्याला पुढे २०१७ साली गुरुत्वलहरींसाठी नोबेल मिळालं. नोलनने तासाला सात वर्षं हा आकडा धरूनच ठेवला, आणि थॉर्नला आधी अशक्य वाटलं. मग त्याने आकडेमोड केली. ते कृष्णविवर जास्तीत जास्त जेवढ्या वेगाने फिरू शकतं त्याच्या इतक्या जवळ फिरत असेल, की फरक राहील फक्त एकावर चौदा शून्यांतला एक भाग, तर जमतं. निसर्गात असं सापडेल का हा वेगळा भाग, पण नियमात बसतं. काळ खरोखरच सगळीकडे सारखा धावत नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावी लागते. केली नाही तर एका दिवसात दहा-एक किलोमीटरचा घोळ होईल आणि रिक्षावाला तुम्हाला कोथरूडऐवजी हडपसरला सोडेल. आइन्स्टाइन असा आपल्या खिशात बसलेला आहे.

तर ते लोक त्या ग्रहावरून परत यानावर येतात तेव्हा २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस झालेले असतात. कूपर खुर्चीत बसतो आणि साठलेले निरोप बघायला लागतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं, ते जातं, आणि शेवटी तो म्हणतो की आता मी तुमची वाट बघायचं सोडतोय. मग मुलगी येते. बाप निघाला तेव्हा त्याचं जे वय होतं, त्या वयाची झालेली. निरोप येऊ शकतात, पण इकडून काहीही पाठवता येत नाही. पहिल्यांदा थिएटरात बघितला तेव्हा मी चष्मा पुसायच्या निमित्ताने काढला आणि पुढचा काही भाग अंधुक बघितला.

यात खलनायक कोणी नाही हे बघा. पाण्याची लाट येते, इंजिनात पाणी शिरतं, ते निथळेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मुलं म्हातारी व्हायला लागतात. कोणाच्या रडण्याने तो आकडा बदलत नाही. मला सायन्स फिक्शनमधून हेच हवं असतं. आत्याची कसोटी इथे लागू पडते, एकदा नियम घातला की पाळायचा. आणि त्या कसोटीवर 'इंटरस्टेलर' शेवटी नापास होतो. कूपर मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे जाऊन पोचतो आणि गेलेल्या काळात निरोप देतो, तिथे नोलनने नियमाला लाच दिली. मला तो भाग अजिबात आवडत नाही. पण त्यानंतरचा हॉस्पिटलचा प्रसंग मात्र मी कोणालाही हात लावू देणार नाही. मुलगी म्हातारी होऊन खाटेवर आहे, भोवती तिची मुलंनातवंडं, आणि हा अजून तरुण दिसणारा बाप दारात. दोन-चार वाक्यं होतात आणि तीच त्याला जायला सांगते. लोक म्हणतात, एवढी वाट बघायला लावली आणि दोन मिनिटांत उरकलं. अहो, पण त्या खोलीत त्याला ओळखणारं दुसरं आहे कोण?

'एलियन्स'मधल्या कापलेल्या तुकड्याचं सांगतो. कॅमेरॉनचा १९८६ चा सिनेमा. रिप्ली ५७ वर्षं यानात झोपून भरकटत राहते. तिला वाचवल्यावर ती मुलीची चौकशी करते. अकराव्या वाढदिवसापर्यंत परत येते असं मुलीला सांगून ती निघाली होती. तिच्या हातात फोटो दिला जातो एका वयस्क बाईचा. मुलगी ६६ व्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी वारली. हा प्रसंग थिएटरातल्या प्रतीतून काढून टाकला होता, नंतरच्या लांब आवृत्तीत परत आला. लांबी कमी करायला काहीतरी कापावं लागतं, मान्य. पण हा कापल्यावर रिप्ली त्या छोट्या न्यूटसाठी राक्षसिणीच्या घरट्यात का शिरते ते फक्त शौर्य म्हणून उरतं. ज्यांनी लांब आवृत्ती बघितली नाही त्यांनी माझ्या मते वेगळाच सिनेमा बघितलाय, बंदुकांचा.

आणि 'सोलॅरिस', तारकोव्हस्कीचा, १९७२ चा. हाच तो निम्मं घर झोपवणारा. सुरुवातीची चाळीसेक मिनिटं नायक पृथ्वीवरच, वडिलांच्या घरी. तळं, गवत, पाऊस, घोडा. तो परत येईल तेव्हा वडील बहुधा नसतील हे दोघांनाही माहीत आहे, आणि म्हणून दोघेही धड बोलत नाहीत. (बापलेकांचं हे रशियातही असंच असतं तर.) मूळ कादंबरीचा लेखक लेम या सिनेमावर चांगलाच नाराज होता. त्याला परग्रहावरचा तो अनाकलनीय समुद्र महत्त्वाचा होता आणि तारकोव्हस्की सगळं घराकडे ओढत होता. लेमचं म्हणणं रास्त आहे आणि तरी मी तारकोव्हस्कीच्या बाजूचा. शेवटी नायक घरी पोचतो, खिडकीतून बघतो, तर पाऊस घराच्या आत पडतोय, वडिलांच्या पाठीवर पाणी, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. तो दारात गुडघ्यांवर बसतो. मग कॅमेरा वर वर जातो आणि दिसतं, की ते घर त्या समुद्रातलं एक बेट आहे. बघणाऱ्याच्या आठवणीतून समुद्राने घर तयार केलं, फक्त पाऊस कुठे पडतो ते चुकलं.

मेव्हण्याच्या सिनेमाला मी त्या दुपारी नावं ठेवली होती. रात्री वाटलं, आपलंच चुकलं. 'क्लोज एन्काउंटर्स'च्या शेवटी यानाचं दार उघडतं आणि आतून अमेरिकन नौदलाचे वैमानिक बाहेर येतात. डिसेंबर १९४५ मध्ये ५ विमानांतून १४ जण खरोखरच बेपत्ता झाले होते, ते हे. बत्तीस वर्षांत एका दिवसानेही म्हातारे झालेले नाहीत. उभा असलेला एक जण म्हणतो, आइन्स्टाइनचं बरोबर होतं म्हणायचं. आणि गोष्ट लगेच पुढे जाते! मला तिथे थांबायचं असतं. त्या पोरांच्या बायकांनी दुसरी लग्नं केली असतील, आया गेल्या असतील. त्यांना घरी सोडायला कोण जाणार आहे? उलट नायक बायकोमुलं मागे ठेवून हसत हसत त्याच यानात चढतो. स्पीलबर्गने पुढे स्वतःच सांगितलं, की मला तेव्हा मुलं नव्हती, आता केला असता तर त्याला असं जाऊ दिलं नसतं. हाळच्या मंडळींनी आकाशाकडे हात करून गाणं म्हटलं ते या माणसाला न्यायला. म्हणजे मेव्हण्याचे मामाही थोडे जबाबदार आहेतच. :)

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, ल्यूक दोन सूर्य मावळताना बघत उभा असतो तो सीन आठव. त्यालाही घरातून बाहेर पडायचंय. त्याला फिजिक्स कशाला पाहिजे? आणि दोन सूर्यांचा ग्रह २०११ साली केप्लरने शोधलासुद्धा." बरोबर आहे. घर सोडायची ओढ त्या एका चित्रात आहे, आणि ती विसाव्या वर्षी जास्त चांगली दिसते. मला आता मागे राहिलेल्यांची बाजू आधी दिसते, हा माझ्या वयाचा दोष म्हणा. पण अंतर खोटं असलं की मागे राहिलेल्यांना गोष्टीत जागाच नसते, हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

आता राहिलं ते काकांसाठी. काका हे वाचतात (आणि शुद्धलेखनाच्या चुका मेलने कळवतात), म्हणून इथेच लिहितो.

आजी १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेली. तार केली होती, पण तुम्हाला तेव्हा येणं जमलं नाही. तेरावा झाल्यावर चार दिवसांनी पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. तुमची कॅसेट. शिक्का बघितला तर ती जायच्या आधीचा होता. दादांनी ती कोणालाही लावू दिली नाही. त्यांनीही लावली नाही. वर कपाटात, आजीच्या लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिली. दादा गेल्यावर आवराआवरीत मला सापडली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. पाकीट दादांनी फोडलंय, पण फीत पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच आहे, म्हणजे ती एकदाही फिरलेली नाही. वरती तुमच्या अक्षरात फक्त 'आईस' आहे.

मला त्यात काय असेल याचा अंदाज आहे. "कशी आहेस?" असेल, आणि मग ती रिकामी जागा.

गेल्या महिन्यात जुना टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला होता. हल्ली अशी कामं करणारे फार थोडे उरलेत, पण एक गृहस्थ सापडले. त्यांनी बेल्ट बदलला, हेड साफ केलं, आणि बजावलं की इतकी जुनी फीत आहे, आधी दुसरी एखादी लावून बघा, ही एकदम लावू नका. दुसरी लावून बघितली. व्यवस्थित चालतो.

तुम्ही डिसेंबरमध्ये येताय. कॅसेट जिथे होती तिथेच परत ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तर आपण दोघं बसून लावू, नाही म्हणालात तर तुमच्या हातात देईन. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. अर्थात ती हे वाचेलच, आणि मग तुमच्या आधी माझ्या दारात हजर होईल.